विश्लेषण : दान मिळालेल्या जमिनीचे अभयारण्य कसे होते? दानानंतरच खरी परीक्षा का सुरू होते?

वन्यजीवांसाठी स्वतःची जमीन देणारे लोक जगभर आहेत आणि भारतीय कायद्यातही त्यासाठी तरतूद आहे. मात्र दानपत्रावर सही झाली म्हणजे जमीन सुरक्षित झाली, असे होत नाही. चिली, अर्जेंटिना, इंग्लंड आणि अरुणाचल प्रदेशातील अनुभव काय सांगतात आणि महाराष्ट्रात अशा दानाची वाट कुठे अडते, याचा हा आढावा.

चिलीत नेमके काय घडले?

खासगी व्यक्तीने वन्यजीवांसाठी दिलेल्या जमिनीचे सर्वात मोठे उदाहरण दक्षिण अमेरिकेतील चिलीत आहे. ‘द नॉर्थ फेस’ आणि ‘एस्प्री’ या कंपन्यांचे सहसंस्थापक डग्लस टॉम्पकिन्स यांनी व्यवसायातून बाहेर पडल्यावर १९९१ मध्ये दक्षिण चिलीत पहिली मोठी जमीन विकत घेतली. पुढे पत्नी क्रिस्टीन यांच्यासह ते चिली आणि अर्जेंटिनात जंगले, पाणथळ जागा आणि मेंढपाळीच्या जुन्या जमिनी विकत घेत राहिले. क्रिस्टीन या ‘पॅटागोनिया’ कंपनीच्या माजी मुख्य कार्यकारी अधिकारी. या जमिनी स्वतःकडे ठेवायच्या नाहीत, त्यांची राष्ट्रीय उद्याने करायची, असे दोघांचे धोरण होते.

डिसेंबर २०१५ मध्ये कयाक उलटून झालेल्या अपघातात डग्लस यांचा मृत्यू झाला. क्रिस्टीन यांनी काम पुढे नेले. मार्च २०१७ मध्ये त्यांनी तत्कालीन अध्यक्ष मिशेल बॅचलेट यांच्याबरोबर करार केला आणि जानेवारी २०१८ मध्ये पुमालीन व पॅटागोनिया या राष्ट्रीय उद्यानांच्या आदेशांवर सह्या झाल्या. टॉम्पकिन्स यांच्या संस्थांनी सुमारे चार लाख हेक्टर, म्हणजे दहा लाख एकर जमीन दिली. चिली सरकारने स्वतःकडची सुमारे ९० लाख एकर जमीन त्यात घातली. त्यातील बराच भाग आधीपासून सरकारी राखीव वन होता. त्याला राष्ट्रीय उद्यानाचा, म्हणजे अधिक कडक संरक्षणाचा दर्जा मिळाला. यातून पाच नवी उद्याने झाली आणि जुन्या तीन उद्यानांचा विस्तार झाला.

जमीन देणाऱ्यावरच संशय का घेतला गेला?

सुरुवातीची अनेक वर्षे टॉम्पकिन्स यांना चिलीत कडवा विरोध झाला. एक अमेरिकी धनाढ्य येतो, हजारो हेक्टर जमीन घेतो आणि त्यातून काही पिकवतही नाही, हे स्थानिकांना पटण्यासारखे नव्हते. चिली हा अरुंद देश. पुमालीनची जमीन एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला अर्जेंटिनाची सीमा अशी पसरलेली. त्यामुळे देशाचे दोन तुकडे करण्याचा हा कट आहे, इथे अणुकचरा पुरणार आहेत, अशा अफवा पसरल्या. सरकारमध्येही अस्वस्थता होती. पुमालीनला ‘निसर्ग अभयारण्य’ असा अधिकृत दर्जा मिळायला २००५ साल उजाडले.

अफवा बाजूला ठेवल्या तरी त्यामागचा प्रश्न खरा होता. मोठी जमीन एका माणसाच्या इच्छेवर राखली जात असेल, तर ती इच्छा बदलल्यावर काय? उद्या वारसांनी ती विकली तर? गावकऱ्यांच्या गुराढोरांची वाट बंद केली तर? सार्वजनिक हितासाठी केलेल्या खासगी कामाला उत्तरदायित्व कोणाचे, हा प्रश्न अशा प्रत्येक दानाबरोबर येतोच.

मग जमीन सरकारलाच का दिली?

खासगी संवर्धनाची सर्वात कच्ची बाजू म्हणजे काळ. मालक आज निसर्गप्रेमी असतो, पण त्याच्या पश्चात जमिनीची वाटणी होते. विश्वस्त संस्था असली तरी विश्वस्त बदलतात, पैसे संपतात. राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा काढून घेणे त्या मानाने अवघड असते. त्यासाठी सरकारला जाहीर निर्णय घ्यावा लागतो आणि त्यावर चर्चा होते. शिवाय उद्यान सर्वांसाठी खुले असल्याने, त्याच्या बाजूने बोलणारे लोकही तयार होतात.

चिलीच्या करारात दोन गोष्टी महत्त्वाच्या होत्या. एक, दान एकतर्फी नव्हते. देणाऱ्याने जमीन द्यायची आणि सरकारने तिला जोडून आपली जमीन व कायदेशीर दर्जा द्यायचा, असा तो व्यवहार होता. दुसरी, नुसती जमीन दिली नाही. पायवाटा, तंबूंच्या जागा, पर्यटकांसाठीच्या इमारती असे तयार उद्यान दिले आणि हस्तांतरानंतरही काही काळ देणाऱ्या संस्थेने हात काढून घेतला नाही. २०१९ मध्ये उद्यानांचा कारभार ‘कोनाफ’ या चिलीच्या वन यंत्रणेकडे गेला.

तरीही पैशाचा प्रश्न सुटलेला नाही. नकाशावर एक कोटी एकर संरक्षित झाले म्हणून तेवढे वनरक्षक आपोआप नेमले जात नाहीत. सप्टेंबर २०२३ मध्ये चिलीने जैवविविधता व संरक्षित क्षेत्रांसाठी स्वतंत्र सेवा स्थापन करणारा कायदा केला, तो या उणिवेवर उत्तर म्हणूनच. नव्या यंत्रणेला पुरेसा निधी आणि माणसे मिळतात का, यावर या दानाचे भवितव्य ठरेल.

मालकी असली की जमीन पूर्ण सुरक्षित होते का?

होत नाही. जमिनीची मालकी आणि तिच्यावरचे सगळे हक्क या वेगळ्या गोष्टी आहेत. चिलीत पाणी वापरण्याचा हक्क जमिनीपासून स्वतंत्र असतो आणि त्याची खरेदी-विक्री होते. पॅटागोनियातील बेकर आणि पास्कुआ या नद्यांवर पाच धरणे बांधण्याचा ‘हिद्रोआयसेन’ प्रकल्प २०११ मध्ये मंजूरही झाला होता. मोठ्या जनआंदोलनानंतर २०१४ मध्ये सरकारने तो फेटाळला. टॉम्पकिन्स त्या विरोधात आघाडीवर होते. कारण वरच्या नदीवर धरण आणि जंगलातून वीजवाहिनी आली, तर खालच्या जमिनीची कागदोपत्री मालकी फारशी उपयोगाची नव्हती.

भारतातही जमीनमालकाला हे ओळखीचे आहे. रस्ता, कालवा, वीजवाहिनी यांसाठी सरकार जमीन संपादित करू शकते. म्हणूनच दान दिलेल्या जमिनीला केवळ मालकाचे नाव पुरत नाही, कायद्याचा दर्जाही लागतो.

कुंपण घालून निसर्गाला मोकळे सोडले तर?

‘माणसाने हात लावला नाही की निसर्ग आपोआप सावरतो’ हा समज अनेक ठिकाणी खरा ठरतो, पण सगळीकडे नाही. इंग्लंडमधील केंब्रिजजवळचे विकेन फेन हे याचे जुने उदाहरण आहे. ‘नॅशनल ट्रस्ट’ने १८९९ मध्ये इथली दोन एकर दलदल अवघ्या दहा पौंडांना घेतली. १९०१ मध्ये कीटकतज्ज्ञ चार्ल्स रॉथशील्ड यांनी आपली तिथली जमीन ट्रस्टला दिली. अशा तुकड्या-तुकड्यांनी हे राखीव क्षेत्र वाढत गेले.

पण ही दलदल शेकडो वर्षे माणसाच्या हाताखालून गेलेली होती. छपरांसाठी लव्हाळे कापले जायचे, जळणासाठी पीट नावाची वनस्पतिजन्य माती खणली जायची. ही कामे थांबल्यावर झुडपांनी मोकळी जागा व्यापली. आजूबाजूच्या शेतातील पाणी उपसले जात असल्याने तिथली जमीन खचत गेली आणि दलदल उंच बेटासारखी राहून सुकू लागली. तिथल्या प्रसिद्ध स्वॅलोटेल फुलपाखराचा ठावठिकाणा १९५० च्या दशकात नाहीसा झाला. त्यानंतर लव्हाळ्याची कापणी, झुडपांची छाटणी आणि चरणारी जनावरे यांच्या मदतीने दलदल राखण्याचे काम सुरू आहे. पूर्वी जमीन कोरडी करण्यासाठी बांधलेला लाकडी पवनपंप तिथे आता उलट काम करतो. तो दलदलीत पाणी चढवतो.

महाराष्ट्रातील माळराने हे याच्या जवळचे उदाहरण मानता येईल. तणमोर, लांडगा, चिंकारा यांना मोकळे गवताळ रान लागते. अशी जमीन मिळाल्यावर तिथे ‘हिरवाई’ म्हणून दाट वृक्षारोपण केले, तर ज्या प्राण्यांसाठी जमीन दिली त्यांचेच घर जाते. कोणत्या जमिनीवर काय राखायचे आहे, हे आधी ठरवावे लागते.

रोजची निगा म्हणजे नेमके काय?

टॉम्पकिन्स यांच्या संस्थेने २००४ मध्ये चिलीतील चाकाबुको खोऱ्यातील मेंढपाळीची मोठी जमीन घेतली. अतिचराईने तिथले गवत विरळ झाले होते. मेंढ्या विकून टाकल्यानंतरचे सर्वात किचकट काम होते शेकडो किलोमीटर लांबीचे तारेचे कुंपण काढणे. उंटाच्या कुळातील ग्वानाको आणि दुर्मीळ वेमूल हरणांना त्या तारा ओलांडता येत नसत किंवा ते त्यात अडकत. अनेक वर्षे स्वयंसेवक हाताने तारा गुंडाळत होते.

शेजारच्या अर्जेंटिनात इबेरा या विस्तीर्ण पाणथळ प्रदेशात सुमारे दीड लाख हेक्टर जमीन अशीच दिली गेली आणि २०१८ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. तिथला प्रश्न वेगळा होता. अधिवास शाबूत होता, पण प्राणी संपले होते. २००७ पासून मुंगीखाऊ परत आणण्यास सुरुवात झाली. जानेवारी २०२१ मध्ये एक जग्वार मादी दोन पिलांसह मोकळी सोडण्यात आली. त्या भागातून जग्वार नाहीसा होऊन तोवर सुमारे ७० वर्षे उलटली होती.

थोडक्यात, एका जमिनीवर कुंपण काढावे लागते, दुसरीवर पाणी चढवावे लागते, तिसरीवर प्राणी आणावे लागतात. याशिवाय वणवा, शिकार, बाहेरून आलेल्या वनस्पती, अतिक्रमण आणि हद्दीच्या खुणा यांवर कायम लक्ष ठेवावे लागते. यातील एकही काम एकदाच करून संपणारे नाही.

शेजारी नाराज असतील तर?

चाकाबुको खोऱ्यात मेंढपाळी बंद झाली, तेव्हा परिसरातील लोकांना आपली जीवनपद्धतीच मोडीत निघाल्यासारखे वाटले. त्यातच प्यूमा वाढले, तर शेजारच्या मेंढ्यांवर हल्ले होणार ही भीती. यावर संस्थेने राखणीच्या मोठ्या कुत्र्यांचा उपाय केला. पिलापासून मेंढ्यांबरोबर वाढवलेली ही ग्रेट पिरेनीज जातीची कुत्री कळपाचे रक्षण करतात. पूर्वी प्यूमाची शिकार करणाऱ्यांपैकी काही जण वन्यजीवांवर लक्ष ठेवणारे कर्मचारी झाले. माग काढण्याचे त्यांचे कौशल्य तेच राहिले, फक्त बंदूक गेली.

विरोध एका दिवसात मावळला नाही. पण ज्या गावाला राखीव जमिनीतून काम, पाणी किंवा पर्यटनातून उत्पन्न मिळते, ते गाव तिचे राखणदार होते. ज्याच्या वाट्याला फक्त रानडुकरांनी केलेली नासधूस येते, ते विरोधात जाते. महाराष्ट्रातील वनांलगतच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही.

जमीन न देता फक्त हक्क देता येतात का?

अमेरिकेत ही पद्धत रूढ आहे. मालक जमीन स्वतःकडेच ठेवतो, पण तिथे बांधकाम करण्याचा किंवा तिचे तुकडे पाडण्याचा हक्क करारान्वये कायमचा सोडतो. हा करार ‘लँड ट्रस्ट’ म्हणजे भूविश्वस्त संस्थेकडे असतो आणि जमीन विकली गेली तरी पुढच्या मालकालाही तो बंधनकारक राहतो. बदल्यात मालकाला करसवलत मिळते. अशा संस्थांच्या राष्ट्रीय महासंघाच्या निकषांनुसार प्रत्येक जमिनीची वर्षातून किमान एकदा पाहणी व्हावी लागते. करारभंग झाल्यास न्यायालयात जाण्यासाठी वेगळा निधी बाजूला ठेवण्याचीही पद्धत आहे.

या सवलतीचा गैरवापरही झाला. गुंतवणूकदारांनी एकत्र येऊन जमिनीची किंमत फुगवायची आणि प्रत्यक्ष गुंतवणुकीच्या कित्येक पट करसवलत घ्यायची, असे प्रकार वाढले. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने अशा व्यवहारांतील वजावटीवर मर्यादा घातली. दानाची पाहणी जशी लागते, तशी दात्याच्या हेतूचीही लागते, हा त्याचा धडा.

भारतातील कायदा काय सांगतो?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये २००२ साली दुरुस्ती होऊन ‘कम्युनिटी रिझर्व्ह’ म्हणजे सामुदायिक राखीव क्षेत्राची तरतूद आली. कलम ३६ क (सी) नुसार एखादा समूह किंवा एकटी व्यक्तीही स्वेच्छेने पुढे आली, तर राज्य सरकार तिची खासगी किंवा सामूहिक जमीन असे क्षेत्र म्हणून जाहीर करू शकते. जमीन सरकारजमा होत नाही, मालकी मालकाकडेच राहते. मात्र अधिसूचना निघाल्यावर व्यवस्थापन समितीचा ठराव आणि राज्य सरकारची मंजुरी यांशिवाय जमिनीचा वापर बदलता येत नाही. म्हणजे मालकाने स्वतःच्याच हातावर घालून घेतलेले हे बंधन आहे.

आधीच्या रचनेत समितीवर मुख्यतः ग्रामपंचायतीने नेमलेले प्रतिनिधी आणि वन विभागाचा प्रतिनिधी असत. खासगी जमीनमालकाचे स्थान स्पष्ट नव्हते. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तिच्यानुसार खासगी जमिनीवरील क्षेत्राच्या समितीत मालक, वन विभागाचा प्रतिनिधी आणि पंचायतीचा किंवा आदिवासी समूहाचा प्रतिनिधी असे तिघेही असतात.

या तरतुदीचे एक लक्षणीय उदाहरण अरुणाचल प्रदेशात आहे. पुण्यात काम करणारे खगोलशास्त्रज्ञ रमण आत्रेय यांनी २००६ मध्ये ईगलनेस्ट अभयारण्याच्या परिसरातील एका नव्या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. तिथल्या बुगुन जमातीवरून त्याला ‘बुगुन लिओसिक्ला’ हे नाव मिळाले. पक्ष्याचा महत्त्वाचा अधिवास अभयारण्याबाहेर, जमातीच्या सामूहिक जंगलात होता. २०१७ मध्ये जमातीने सुमारे १७ चौरस किलोमीटर जंगल सामुदायिक राखीव क्षेत्र म्हणून राखण्यास दिले. तिथे गस्त घालतात ते गावातलेच तरुण. सरकारी अभयारण्याची हद्द जिथे संपते, तिथून पुढचे काम लोकांच्या जमिनीने केले.

महाराष्ट्रात वाट कुठे अडते?

जमीन देवाच्या नावाने राखण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. सह्याद्री आणि कोकणातील देवराया हे त्याचेच रूप. पण आजच्या व्यवहारात काही गाठी आहेत. कूळवहिवाट कायद्याच्या कलम ६३ नुसार शेतजमीन शेतकरी नसलेल्याला विकताच काय, बक्षीसही देता येत नाही, त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. त्यामुळे संवर्धन संस्थेला शेतजमीन थेट देणे सोपे नाही. कमाल जमीन धारणा कायद्यानुसार एका कुटुंबाला कोरडवाहू जमीनही ५४ एकरांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. चिलीसारखे एका मालकाचे विशाल क्षेत्र इथे होणार नाही, आणि भूमिहीनांच्या न्यायासाठी केलेला तो कायदा योग्यच आहे. त्यामुळे इथली वाट अनेक छोट्या मालकांनी एकत्र येण्याची आहे.

त्यात एक भीती आड येते. ३० ऑगस्ट १९७५ पासून लागू झालेल्या खासगी वने संपादन कायद्याने अशी वने राज्याकडे गेली. ‘जंगल राखले तर जमीन वनखात्याची होईल’ ही धास्ती त्यामुळे आजही काही मालकांना वाटते. यावर काही प्रयोग झाले आहेत. पुण्यातील ‘अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन’ या संस्थेने रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वर परिसरात मालकांशी संवर्धन करार केले. त्यात मालकी न बदलता, जंगल न तोडण्याच्या बदल्यात मालकांना मोबदला मिळतो.

कागद पक्का नसेल तर काय होते, हे भूदान चळवळीने दाखवले आहे. विनोबा भावे यांना १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्लीत पहिले शंभर एकर मिळाले. पुढे देशभरात दानाचा आकडा ४० लाख एकरांवर गेला. पण त्यातील मोठा भाग कधी वाटलाच गेला नाही. काही जमीन खडकाळ निघाली, काही वादात होती, काहींची नोंद दात्याच्याच नावावर राहिली. दात्यांचा हेतू खरा असूनही जमीन गरजूपर्यंत पोहोचली नाही.

दान देण्यापूर्वी काय पाहावे?

पहिली गोष्ट कागदांची. स्थावर मालमत्तेचे बक्षीसपत्र नोंदणीकृत आणि दोन साक्षीदारांच्या सह्यांचे असावे लागते. दात्याच्या हयातीत घेणाऱ्याने ते स्वीकारावे लागते. मोजणी, हद्दीच्या खुणा, सातबाऱ्यावरील फेरफार, भाऊबंदांचे हक्क आणि जुनी वहिवाट यांचा निकाल आधीच लागलेला बरा. दुसरी गोष्ट उद्देशाची. जमीन कोणत्या अधिवासासाठी आहे आणि तिथे काय करायचे नाही, हे दस्तात स्पष्ट लिहिलेले हवे. तिसरी पैशाची. राखणदाराचा पगार, जाळरेषा, पाणवठे आणि प्रसंगी वकिलाची फी हा दरवर्षीचा खर्च आहे. त्यासाठी जमिनीबरोबर निधी किंवा निधीचा खात्रीचा मार्ग लागतो. चौथी जागेची. दोन एकरांचा सुटा तुकडा आणि अभयारण्याला किंवा ओढ्याला लागून असलेले दोन एकर यांची वन्यजीवांच्या दृष्टीने किंमत सारखी नसते. प्राण्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवरची लहान जमीनही मोठी दोन जंगले जोडू शकते.

यातील काही जमत नसेल, तर जमीन घेणाऱ्या संस्थेने नाही म्हणणेही शहाणपणाचे ठरते. राखता न येणारी जमीन स्वीकारली, तर अतिक्रमण झाल्यावर दाता, संस्था आणि वन विभाग एकमेकांकडे बोट दाखवतात आणि पुढच्या दात्याचा विश्वास उडतो. दान घेताना पहिल्या वर्षी नाही, तर विसाव्या वर्षी त्या जमिनीवर गस्त कोण घालणार, हा प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारायला हवा.